मेगर कोणी धरला?

भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या एका नव्या गोदामात गेल्या महिन्यात दीड तास मान वर करून उभा होतो. चाळीस फुटांवर, पत्र्याखालच्या लोखंडी कैचीला एक जण दिवा अडकवत होता. दुपारचे अडीच वाजलेले. बाहेर माणकोली नाक्याकडे कंटेनरची रांग लागलेली, आत पत्रा तापून वरची हवा भट्टीसारखी झालेली. चाकांच्या झुल्यावर तो उभा, खाली दोन हेल्पर झुला धरून. कमरेला पट्टा होता, पण पट्ट्याचा हूक कशालाच अडकवलेला नव्हता. अडकवला तर दर दिव्याला तो सोडून पुन्हा लावावा लागतो, त्यात पाच मिनिटं जातात. त्याच्या पेटी ठेकेदाराला, म्हणजे ठेकेदाराच्या ठेकेदाराला, पैसे दिव्यामागे मिळतात. ठेकेदाराची घाई अशी हजेरीवरच्या माणसाच्या कमरेपर्यंत उतरते.

तो खाली आला, पाणी प्यायला, बादली पालथी घालून बसला. तिशीचा असेल. मुरबाडकडचा. आयटीआयला दोन वर्षांचा वीजतंत्रीचा कोर्स केलेला, दहा वर्षं याच कामात.

"रोज किती पडतो, भाऊ?"

"नऊशे. हेल्परला सहाशे."

"महिन्याला किती दिवस भरतात?"

त्याने खिशातून छोटी डायरी काढली. हजेरीच्या रेघा ओढलेल्या. काही महिन्यांत चोवीस, काहींत अकरा. पावसाळ्यातली पानं जवळजवळ कोरी. वर्षाची सरासरी आम्ही दोघांनी तिथेच काढली, एकोणीस आली. म्हणजे महिन्याला १७,१०० रुपये. पीएफ नाही, ईएसआयसी नाही, सुट्टीचा पगार नाही. खाडा झाला की त्या दिवसाचं शून्य.

"वायरमनचा परवाना काढलास का?"

"आयटीआय झाल्यावर काढायचा होता. मग कामामागे राहून गेला. कोणी विचारतही नाही."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कोणी विचारत नाही. वायरमनच्या पगाराबद्दल जेवढं बोलायचं ते या तीन शब्दांत आहे, आणि आज मला तेच बोलायचं आहे.

दिवे संपल्यावर तो पॅनेलकडे वळला. जाड तांब्याच्या केबलचं वरचं कवच त्याने कटरने गोल कापून काढलं, आतल्या एकाही तारेला खरचटलं नाही. तारांना पीळ दिला, लगमध्ये घातल्या, क्रिंपिंगच्या पकडीने दाबल्या, मग लग धरून जोरात ओढून पाहिला. हलला नाही. तो दुसऱ्या केबलकडे गेला. हे ओढून पाहणं बिलात कुठे दिसत नाही. पण लग सैल राहिला की सांध्यावर गरम होतं, गरम झालं की कवच वितळतं, आणि मग एके रात्री गोदाम पेटतं. सकाळी पेपरात 'शॉर्ट सर्किटमुळे आग' असं छापून येतं. भिवंडीकरांनी हे शब्द इतक्यांदा वाचलेत की शॉर्ट सर्किट म्हणजे वळवाचा पाऊस वाटावा, कोणाच्या हातात नसलेली गोष्ट. ती पूर्णपणे माणसाच्या हातात असते. याच माणसाच्या, ज्याला नऊशे मिळतात.

तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये टेबलावर टेस्ट रिपोर्ट पडलेला होता. नव्या वीजजोडणीचं काम असलं की हा कागद लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदार त्यावर सही करतो की वायरिंग तपासलं, सुरक्षित आहे, वीज सोडायला हरकत नाही. त्यात इन्सुलेशनचा रोध किती, अर्थिंगचा रोध किती, हे आकडे मोजून लिहायचे असतात. मोजायला मेगर लागतो. मेगर पाचशे व्होल्टचा दाब तारेवर टाकतो आणि कवचातून किती वीज झिरपते ते दाखवतो. वाचन एक मेगाओमच्या खाली आलं तर कुठेतरी कवच कच्चं आहे, ओल आहे, खिळा घुसलाय.

रिपोर्टमधले सगळे रकाने भरलेले होते. आकडे सुरेख, गोल. सही, शिक्का. मी बाहेर येऊन विचारलं, मेगर कोणी धरला? वायरमनने हेल्परकडे पाहिलं, हेल्परने ठेकेदाराच्या पोराकडे. मेगर साइटवर आलाच नव्हता. ज्या केबलला अजून लग लावायचे होते, तिचंही वाचन कागदावर आधीच लिहून झालं होतं.

या धंद्यात पैसा हाताला मिळत नाही, सहीला मिळतो. हात कितीही तयार असो, कागदावर त्याचं नाव नसेल तर त्याचा भाव मजुरांच्या नाक्यावर ठरतो. सही करणारा साइटवर आला नाही तरी त्याचा भाव कमी होत नाही. वायरमनची मजुरी कमी का, याची कारणं लोक शंभर देतात. मला पहिलं कारण हे दिसतं.

नियम काय म्हणतो तेही सांगतो, कारण नियम अगदी स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून तो चालत आला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम केले, २०२३ मध्ये ते नव्याने आणले. सूत्र एकच आहे: काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं, आणि तारेला हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. तीन माणसं, तीन कागद. हा नियम जर दापोड्यात पाळला गेला, तर परवाना असलेल्या वायरमनची गरज एका दिवसात दुप्पट होईल. गरज वाढली की भाव वाढतो, हे शेठजींना शिकवायला नको. पण परवाना असलेला आणि नसलेला दोघांनाही सारखेच नऊशे मिळत असतील, तर पोरगा सरकारी कचेरीचे हेलपाटे कशाला घालेल? एका हेलपाट्याला एक खाडा पडतो.

पैसा वाटेत कुठे मुरतो ते पाहा. आकडे समजुतीसाठी घेतो. समजा, बांधकाम करणारी कंपनी एका दिव्याच्या मजुरीला ६०० रुपये मोजते. विद्युत ठेकेदार ते काम पेटी ठेकेदाराला ३५० रुपयांनी देतो. पेटी ठेकेदार एक वायरमन आणि दोन हेल्पर लावतो, दिवसाला २,१०० रुपये हजेरी देतो, आणि ते तिघे दिवसात बारा दिवे चढवतात. वरून आले ७,२०० रुपये. त्यातले ३,००० विद्युत ठेकेदाराकडे राहिले. ४,२०० पेटी ठेकेदाराकडे आले, त्याने निम्मे वाटले, निम्मे ठेवले. चाळीस फुटांवर गेलेल्या तिघांना मिळून जेवढे, तेवढेच खाली फोनवर बोलणाऱ्या एकट्याला.

ठेकेदाराची बाजूही आहे, ती दडवत नाही. झुल्याचं भाडं तो भरतो. त्याचं बिल तीन-तीन महिने अडकतं. काम संपल्यावरही अनामत म्हणून काही टक्के रक्कम वर्षभर कापून ठेवलेली असते. लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो, पण पुढचं काम हवं असलेला ठेकेदार मोठ्या कंपनीवर दावा लावायला जात नाही. तो आपली कसर खालच्यावर काढतो. खालचा पेटीवाला वायरमनवर काढतो. वायरमनच्या खाली कोणीच नाही, म्हणून तो स्वतःच्या अंगावर काढतो. पट्ट्याचा हूक मोकळा राहतो तो इथे.

भिवंडीत हे काम नवं नाही. गोदामांच्या आधी इथे वायरमनला यंत्रमाग पोसायचा. दर मागाला मोटर, दर मोटरला स्टार्टर, शेडमध्ये कापसाचा धुरळा साठलेला, मोटर जळली की रिवाइंडिंगच्या दुकानात टाकायची आणि माग बंद म्हणून मालक डोक्यावर उभा. त्या घाईचा भाव मिळायचा. माग थांबला की मालकाचं नुकसान तासागणिक व्हायचं, म्हणून वायरमनचा फोन उचलला जायचा. मागाला मंदी आली तसा हा आधार ढासळत गेला.

मग गोदामं आली. मुंबईत जकात होती, १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत राहिली. माल वेशीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, या हिशेबाने काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली इथली भाताची शेतं एकेक करून गाळ्यांखाली गेली. जकात गेली, गोदामं राहिली, उलट वाढली, कारण आता घरोघरी माल पोचवणाऱ्या कंपन्यांना मुंबई, ठाणे आणि नाशिक रस्ता एका हाताच्या अंतरावर लागतो. आजच्या गोदामात नुसते दिवे-पंखे नाहीत. माल वाहणारे पट्टे आहेत, फोर्कलिफ्ट आणि तीनचाकी चार्ज करायच्या जागा आहेत, जनरेटर, आगीची सूचना देणारी यंत्रणा, छतावर सोलर. कामाची पातळी वर गेली. हजेरी मात्र अजून नाक्यावरच ठरते.

आता खांबावरच्या माणसाकडे वळू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे तुकडे ६ जून २००५ ला झाले, वितरण महावितरणकडे आलं. भिवंडीत २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने वितरणाचं काम टोरेंट पॉवरला फ्रँचायझी म्हणून दिलं. देशात असा मोठा प्रयोग आधी झाला नव्हता. त्यामुळे आपल्या भागात 'लाइनमन' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी माणसं येतात. कोणी कंपनीचा कायम, कोणी कंपनीच्या ठेकेदाराचा, कोणी ठेकेदाराच्या ठेकेदाराचा. राज्यात इतरत्रही हेच. वादळात तार तुटली की तिघे एकाच खांबाशी येतात. तारेतली वीज तिघांसाठी सारखी असते, महिनाअखेरीची रक्कम नसते.

महावितरणने डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहायकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली. पहिल्या वर्षी महिना १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६, तिसऱ्या वर्षी १७ हजार, आणि तीन वर्षं नीट गेली की तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. पुढे जुलै २०२४ मध्ये राज्याच्या तिन्ही वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना मूळ पगारात १९ टक्के वाढ जाहीर झाली. जाहिरातीतला तिसऱ्या वर्षाचा आकडा आणि माझ्या मुरबाडच्या माणसाची सरासरी जवळजवळ सारखी आहे, हे लक्षात घ्या. फरक चौथ्या वर्षी पडतो. सहायक तंत्रज्ञ होतो, त्याला वेतनश्रेणी मिळते, पीएफ मिळतो, वरची पायरी मिळते. नाक्यावरचा वायरमन दहाव्या वर्षीही नऊशेवरच उभा असतो, आणि गुडघा गेला की हेल्परपेक्षाही कमी दराने त्याला बसून बोर्ड बांधायचं काम मिळतं. म्हणून गावागावांतली पोरं सहायकाच्या जागेसाठी जीव टाकतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती पोरं आकडा पाहत नाहीत, पायरी पाहतात, आणि बरोबर पाहतात.

पायरी चढायला सुरुवात कुठून होते? आयटीआयपासून. वीजतंत्री आणि तारतंत्री, दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे. प्रवेशाच्या वेळी वीजतंत्रीच्या जागा लवकर भरतात. बाहेर पडल्यावर शिकाऊ उमेदवारी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, त्याखालच्या नियमांत २०१९ मध्ये विद्यावेतन वाढवलं, आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये ठरले. सव्वीस दिवसांनी भागा. दिवसाला २६९ रुपये. त्याच शेडमधला हेल्पर, जो कधी आयटीआयची पायरी चढला नाही, तो सहाशे घेतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने यातून काय शिकायचं? तो उमेदवारी सोडतो, नाक्यावर येतो, आणि कागद अर्धा राहतो. पुढची दहा वर्षं तो अर्धा कागद त्याला नडतो.

मी परदेशाचे दाखले सहसा देत नाही, तिथला खर्च वेगळा, पगार वेगळा. पण एक तुलना कामाची आहे. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२३ मध्ये तिथल्या वीजतंत्र्याच्या वार्षिक कमाईचा मधला आकडा ६१,५९० डॉलर होता, आणि तिथल्या सगळ्या नोकऱ्यांचा मिळून मधला आकडा ४८,०६० डॉलर. डॉलरचे रुपये करू नका. एवढंच पाहा की त्या देशात वायरमन सर्वसाधारण कमावत्या माणसाच्या वर उभा आहे. का? तिथे चार-पाच वर्षांची पगारी उमेदवारी असते, उमेदवाराचा पगार तयार कारागिराच्या ठराविक हिश्श्यापासून सुरू होतो आणि ठरलेल्या टप्प्यांनी वाढतो. बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय तारेला हात लावता येत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, म्हणून भावही माणसाच्या नावावर चढतो.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आखातात जाणाऱ्या पोरांना विचारा. मुंबईत एजंटाच्या शेडमध्ये ट्रेड टेस्ट होते. समोर लाकडी फळी, डीबी म्हणजे वीज वाटणारी पेटी, काँटॅक्टर, टायमर. 'स्टार-डेल्टा जोडून दाखव.' घड्याळ लावून एक जण उभा असतो. पोराने जोडलं, मोटर फिरली, तर निवड. त्याची वशिल्याची चिठ्ठी कोणी वाचत नाही. तो आखाती मालक काही संत नाही, राबवून घेण्यात तो इथल्या कोणाहून कमी नाही. पण भाव ठरवण्याआधी तो हात पाहतो. दापोड्यात कोट्यवधींचं गोदाम उभारणारा माणूस वायरमनला एक स्टार्टर जोडायला लावून पाहत नाही, हे मला समजत नाही. फरशी बसवणाऱ्याचं काम दिसतं, म्हणून तो नमुना मागतो. तार भिंतीत जाते, म्हणून मागत नाही.

हात ओळखला जातो तिथे फरक पडतोच. पॅनेल बांधणारा, केबलच्या ग्लँडिंग-टर्मिनेशनमध्ये तयार असलेला, एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या, कामावर जाणारा, जनरेटरचं पॅनेल समजणारा, सोलरच्या डीसी बाजूचं जोडकाम येणारा, यांना साध्या पॉइंटवाल्याच्या कितीतरी वर पैसे मिळतात. सोलरसाठी केंद्र सरकारचा 'सूर्यमित्र' नावाचा ६०० तासांचा कोर्स आहे. दापोड्याच्या पत्र्यांवर ऊन फुकट पडतं. ती छतं पुढच्या काही वर्षांत भरत जाणार, आणि ते काम नवशिक्याला जमणार नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. इथल्या पोरांनी हे काम शिकून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. शिकायचे सहाशे तास म्हणजे जवळजवळ तीन महिने हजेरी बुडणार, तेवढ्या दिवसांचं घर कोण चालवणार, हा प्रश्न मात्र कोर्सच्या पत्रकात नसतो.

वायरमनच्या कमाईचा एक भाग असा आहे ज्याबद्दल उघड कोणी बोलत नाही. मालाच्या दुकानातलं कमिशन. वायरच्या कॉइलच्या पाकिटात कूपन असतं, मोबाइलवर स्कॅन केलं की पॉइंट जमतात, पॉइंटचे पैसे किंवा मिक्सर. गिऱ्हाइकाला वाटतं वायरमन खातो. हो, घेतो. पण गिऱ्हाइकानेच दिव्या-पंख्याच्या पॉइंटचा मजुरीचा दर घासून घासून इतका खाली आणलेला असतो की घर त्या कूपनवर चालतं. मग वायरमन ज्या ब्रँडवर पॉइंट जास्त तोच सुचवतो, आणि तांब्याचा भाव चढला की गिऱ्हाईक बारीक वायर घ्यायला सांगतं. दोन्हीकडून तार बिघडते. मजुरी सरळ द्या, मालाचं बिल सरळ घ्या. मी हे माझ्या घरी करतो आणि मला ते महाग पडलेलं नाही.

कायदा वायरमनच्या बाजूने आहे की नाही? आहे, पण तो कागद पाहिल्याशिवाय उठत नाही. १९४८ चा जुना किमान वेतन कायदा घ्या की २०१९ ची वेतन संहिता, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे दर ठरतात, राज्यात परिमंडळांप्रमाणे ते बदलतात, महागाईप्रमाणे विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो. जादा कामाला दुप्पट दर. दापोड्यात सणाआधीच्या महिन्यात रात्रपाळ्या लागतात, तेव्हा दुप्पट मिळालेला एक वायरमन मला दाखवा. 'नाइट मारली' की दीड हजेरी, हा नाक्याचा कायदा. ईएसआयसीची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिन्याला २१,००० रुपये आहे. मालकाचा हप्ता सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. सतरा हजारांच्या माणसामागे मालकाला महिन्याला साडेपाचशेच्या आसपास पडतील, आणि त्या बदल्यात त्याच्या बायकापोरांचं औषधपाणी होईल. साडेपाचशे रुपये. एका दिव्याच्या मजुरीहूनही कमी.

आणि पडला तर? शॉक लागला तर? देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यांत शेतकरी आहेत, लहान मुलं आहेत, आणि ज्यांचा धंदाच वीज आहे तेही आहेत. १९२३ च्या कायद्यातून नुकसानभरपाईचं सूत्र चालत आलं आहे: मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक. हिशेबात धरायचं वेतन २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. हे त्याच्या घरच्यांना मिळायला हवेत. पण त्यासाठी तो त्या दिवशी त्या ठेकेदाराकडे कामावर होता, हे दाखवावं लागतं. काय दाखवणार? खिशातली डायरी? तीत त्याने स्वतः ओढलेल्या रेघा आहेत. हजेरीपट नाही, पावती नाही, पैसे रोख. ज्या टेस्ट रिपोर्टवर त्याच्या कामाची ग्वाही आहे, त्यावर नाव दुसऱ्याचं.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करता येते, त्यात वीजकामवालेही बसतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला ठेकेदाराने द्यायचा. ठेकेदार घाबरतो, दाखला दिला तर उद्या पीएफवाले विचारतील. ग्रामपंचायतीकडून मिळू शकतो, पण मुरबाडच्या माणसाला भिवंडी तालुक्यातल्या पंचायतीत कोण ओळखतं? बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मालकांकडून घेतला जातो, तो याच माणसांसाठी. पैसा जमतो, माणूस यादीत नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबच्या जगजित सिंग प्रकरणात सांगितलं की तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतन हवं. तो निकाल सरकारी नोकरीतला होता. नाक्यावरच्या माणसापर्यंत तो पोचायला कागदांची एक शिडी लागते, आणि तिच्या खालच्या दोन-तीन पायऱ्याच गायब आहेत.

माझं मागणं मोठं नाही. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराच्या सहीखाली आणखी एक ओळ हवी: काम करणाऱ्या वायरमनचं नाव, परवाना क्रमांक, सही, मोजल्याची तारीख. मेगर धरलेला हात कागदावर यावा. एवढ्या एका ओळीने ठेकेदाराला परवानावाला माणूस शोधावा लागेल, त्याला टिकवावा लागेल. काम केल्याचा पुरावा आपोआप तयार होईल. आग लागली तर जबाबदार कोण ते कळेल, आणि नाव अडकणार असेल तर वायरमनही खोट्या आकड्यावर सही करणार नाही. तो ठेकेदाराला म्हणेल, शेठ, मेगर आणा. गोदाममालकांनी सरकारची वाट पाहायची गरज नाही, उद्यापासून आपल्या कामाच्या ऑर्डरमध्ये ही ओळ घालता येते. भाड्याने गोदाम घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आगीच्या विम्यासाठी पन्नास कागद मागतात, त्यात हा एकावन्नावा मागा.

गोदामातून निघताना मी त्या वायरमनला घरी बोलावलं होतं. माझ्या घरचा डीबी जुना झाला होता, बदलायचा होता. रविवारी तो आला, एकटाच, पाठीला पिशवी. मजुरी आधी ठरवली. मी म्हटलं, काम झाल्यावर मेगर लावायचा. तो जरा थबकला. म्हणाला, "दादा, माझ्याकडे नाही. मित्राचा आणतो." दुपारी घेऊन आला. सगळे प्लग काढले, मेन बंद केला, दिवे उतरवले, एकेक सर्किट धरून मिनिटभर बटण दाबून ठेवलं. हॉल ठीक, स्वयंपाकघर ठीक. बाथरूमच्या गीझरच्या लाइनला काटा खाली आला. शून्य दशांश चार. त्याने पुन्हा मोजलं. तेच.

मग त्याने भिंतीवर कान लावल्यासारखा हात फिरवत जंक्शन बॉक्स शोधला, रंगाखाली बुजलेला. उघडला. आत ओल, एका सांध्यावरची टेप काळी पडून सुटलेली. आमच्या घरात बारा वर्षं गरम पाणी येत होतं ते या सांध्यावरून. त्याने तार बदलली, सांधा नीट केला, बॉक्स सुकवला, पुन्हा मेगर लावला आणि मला बोलावून काटा दाखवला. दोन तास जास्त गेले होते. त्याने जास्तीचे मागितले नाहीत, मी विचारून दिले.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता एमसीबी कशाचा, हे लिहायचा कागद असतो. तो त्याने भरला. मी म्हटलं, खाली वाचन लिही, तारीख लिही, तुझं नाव लिही.

"माझं?" तो म्हणाला. "आडनावासकट लिहू?"

लिही म्हटलं. सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात त्याने लिहिलं, आणि मग स्वतःहून खाली मोबाइल नंबर टाकला. पंधरा दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या वहिनी आमचा डीबी उघडून तो नंबर उतरवून घेऊन गेल्या.